चुरस कुठून येते?

मैदानामागचं गणित : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण कबड्डीचे नियम एकसारखे कसे होत गेले ते पाहिलं. १९१८च्या सुमारास साताऱ्यात सुरू झालेली जुळवाजुळव, १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने घातलेली नियमांची घडी, १९५० साली उभा राहिलेला अखिल भारतीय महासंघ आणि १९५२ची मद्रासमधली पहिली राष्ट्रीय स्पर्धा, असा तो प्रवास होता. नियम एक झाल्यावर कुठलाही संघ कुठल्याही संघाशी खेळू लागला. तरीही काही सामन्यांची लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात आणि काही सामने शिट्टी वाजल्याबरोबर विस्मरणात जातात. असं का होतं, हा आजचा प्रश्न. सप्टेंबर २०२६मध्ये जपानमधल्या आयची-नागोया इथे आशियाई स्पर्धा सुरू होतील, आणि तिथल्या कबड्डीचा विषय निघाला की जाणकार एकच विचारतात : इराण पुन्हा समोर आला तर? त्यांच्या तोंडून आधीच्या सामन्यांचे आकडे आपोआप बाहेर पडतात. माझं म्हणणं असं की चुरशीचं मूळ या आकड्यांत आहे. दोन संघांमधला हिशेब मिटलेला नसेल आणि तो दोन्हीकडच्या लोकांना पाठ असेल, तरच खरी चुरस निर्माण होते. गावं शेजारी असणं किंवा जाहिरातीत ढोल वाजणं हे तिला पुरत नाही.

भारत-इराणचा हिशेब मांडून पाहू. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालं आणि तिथपासून २०१४पर्यंतची सातही सुवर्णपदकं भारतीय पुरुषांनी जिंकली. या सात विजयांतले बहुतेक आज कोणाला आठवत नाहीत, कारण त्यांत शंकेला जागा नव्हती. २०१० साली ग्वांगझूच्या अंतिम सामन्यात इराण ३७-२० असा हरला, तोही एकतर्फीच सामना होता. चार वर्षांनी इंचॉनमध्ये चित्र पालटलं. मध्यंतराला इराण २१-१३ असा पुढे होता आणि भारताने तो सामना २७-२५ असा जेमतेम काढला. २०१६च्या अहमदाबाद विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही मध्यंतराला इराणच पुढे होता, १८-१३. अजय ठाकूरच्या चढायांनी तो सामना ३८-२९ असा फिरवला. मग २०१८ आलं. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ हरवलं आणि पुढे सुवर्णपदकही घेतलं. दुसऱ्याच दिवशी इराणच्या महिलांनी भारतीय महिलांना अंतिम सामन्यात २७-२४ नमवलं. त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे ज्या महाराष्ट्रात या खेळाच्या नियमांची जुळवाजुळव सुरू झाली, तिथल्याच एका मार्गदर्शक बाईंनी भारताचं अढळपद हलवलं. २०२३ साली हांगझोऊत भारताने ३३-२९ अशी परतफेड केली, पण तीही वादाशिवाय झाली नाही. २०१४पासूनच्या पुरुषांच्या या चार सामन्यांत कोणालाही निवांत झोप लागेल असं काही घडलेलं नाही.

या खेळाची रचनाच अशी आहे की हिशेब सहज मिटत नाही. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावात परत येत नाही. कबड्डीत बाद झालेला गडी सहकाऱ्याने समोरचा गडी बाद केला की पुन्हा मैदानात उतरतो. उलट, सगळा संघ बाद झाला तर समोरच्याला लोणाचे दोन गुण जादा मिळतात, पण लोण बसलेल्या संघाचे सातही गडी त्याच क्षणी परत उभे राहतात. त्यामुळे चाळीस मिनिटांच्या सामन्यात आठ गुणांची आघाडी ही तिजोरीत ठेवलेली रक्कम नसते. दोन पकडी आणि एक बहुगुणी चढाई झाली की समोर दोन-तीनच गडी उरतात, लोण दिसू लागतं आणि मध्यंतराचा फलक निरर्थक होतो. इंचॉनला आणि अहमदाबादला हेच घडलं. पिछाडीवरून जिंकता येतं हे दोन्ही बाजूंना माहीत असल्यामुळे हरलेला संघही ‘आमचं थोडक्यात हुकलं’ असं म्हणू शकतो. आणि थोडक्यात हुकलेलंच माणूस पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतो.

हांगझोऊच्या सामन्याने तर हिशेबात एक वादग्रस्त नोंदच घातली. शेवटची मिनिटं चालू होती, गुणफलक २८-२८ होता. भारताचा पवन सेहरावत निर्णायक चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या राखीव क्षेत्रात गेला. त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही तिथे शिरले. जुन्या नियमाप्रमाणे मागे गेलेले बचावपटूही बाद ठरत होते. प्रो कबड्डी लीगमध्ये रुळलेल्या नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद ठरत होता. पंचांचा निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे झाला, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, खेळ जवळजवळ तासभर थांबला आणि शेवटी कौल भारताच्या बाजूने लागला. भारतीय चाहते तो नियमाचा विजय मानतात. इराणी चाहत्यांना तो हातातून काढून घेतलेला सामना वाटतो. नागोयाकडे दोन्ही देश एकाच सामन्याच्या दोन वेगवेगळ्या आठवणी घेऊन जाणार आहेत.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या घराजवळचा, जाहिरातीत सतत गाजवलेला सामना म्हणजे यू मुंबा विरुद्ध पुणेरी पलटण, ‘महाराष्ट्र डर्बी’. मुंबई-पुण्याची जुनी ओढाताण, मराठी समालोचन आणि दोन्ही संघांत ओळखीची मराठी नावं, असं सगळं साहित्य इथे आहे. तरीही भारत-इराणची धग इथे येत नाही. हा सामना प्रो कबड्डीच्या पाचव्या हंगामात २८ जुलै २०१७ रोजी, सलामीच्याच दिवशी झाला आणि पुण्याने तो ३३-२१ असा जिंकला. तो झाला हैदराबादेत. सहाव्या हंगामात ७ ऑक्टोबर २०१८ला पुन्हा सलामीच्याच दिवशी ही जोडी खेळली आणि सामना ३२-३२ असा रंगतदार बरोबरीत सुटला, पण चेन्नईत. २०२५चा बारावा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. महाराष्ट्रात एकही सामना नव्हता. चेन्नईची ती बरोबरी मुंबईच्या बाजूने गाजवणारा चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई पुढच्याच हंगामात १ कोटी ४५ लाखांच्या बोलीवर तेलुगू टायटन्सकडे गेला. यू मुंबाचा चेहरा असलेला अनुपकुमार २०१९मध्ये पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. मुंबईचा कर्णधार राहिलेला इराणचा फजल अत्राचली २०२२मध्ये पुण्याचा कर्णधार झाला. शेजारच्या कल्याणचा गिरीश इरनाकही पुण्याकडून खेळला आणि नंतर मुंबईकडून. खेळाडूंनी पोटापाण्यासाठी संघ बदलले, यात काही गैर नाही. पण हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा, हा प्रश्न दर लिलावानंतर नव्याने उभा राहतो.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे या दोन संघांचा भरभराटीचा काळ कधी एकत्र आलाच नाही. यू मुंबा पहिल्या तीन हंगामांत सलग अंतिम फेरीत गेला आणि २०१५ साली विजेता ठरला. पुणेरी पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचला तो २०२२ साली. मार्च २०२४मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून त्याने करंडक जिंकला आणि २०२५मध्ये दिल्लीकडून तो अंतिम सामन्यात हरला. बारा हंगामांत हे दोन संघ अंतिम सामन्यात एकदाही समोरासमोर आलेले नाहीत. बरोबरीच्या ताकदीने, मोठ्या गोष्टीसाठी, पुन्हा पुन्हा भिडल्याशिवाय शेजाऱ्यांची चुरस नुसत्या टोमण्यांपुरती उरते.

याला कोणी हॉकीचा दाखला देईल. भारत-पाकिस्तान हॉकीत ताकद आज बरोबरीची राहिलेली नाही, तरी लोक वाट पाहतातच ना? पाहतात, पण कशाच्या जोरावर, ते बघा. ऑलिंपिकच्या सलग तीन अंतिम सामन्यांत हे दोघे समोरासमोर आले आणि तिन्ही सामने एका गोलने सुटले : १९५६ साली मेलबर्नला भारत, १९६० साली रोमला पाकिस्तान, १९६४ साली टोकियोला पुन्हा भारत. १९७५मध्ये क्वालालंपूरला भारताने २-१ असा विश्वचषक जिंकला तोही पाकिस्तानलाच हरवून, आणि विजयी गोल ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांचा. म्हणूनच १९८२मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत घरच्या प्रेक्षकांसमोर झालेला १-७ असा पराभव इतका जिव्हारी लागला. एकतर्फी निकालही लक्षात राहतो, पण त्यासाठी आधीचं खातं बरोबरीचं असावं लागतं. २०२३च्या हांगझोऊ स्पर्धेत भारताने पाकिस्तानला हॉकीत १०-२ हरवलं. त्याच स्पर्धेतला ३३-२९चा कबड्डी सामना जास्त चर्चिला गेला, हे उघड आहे. हॉकीची ही चुरस आज जुन्या पुण्याईवर चालली आहे आणि पुण्याईही कधीतरी सरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. चुरशीत राजकारण असतं, राष्ट्राभिमान असतो. आकड्यांचं काय घेऊन बसलात? राष्ट्राभिमान असतोच. पण तो दोन देशांच्या प्रत्येक सामन्यात सारखाच हजर असतो. इराणशी आपलं काही हाडवैर नाही, उलट भाषा आणि व्यापाराचे जुने धागे आहेत. तरी कबड्डीत हाच सामना पेटतो, म्हणजे कारण मैदानात शोधायला हवं. तिसरा आक्षेप मला निम्मा मान्य आहे : ही चुरस वाढवली ती बाजारानेच. अत्राचली, शादलू, मेराज शेख हे इराणी खेळाडू प्रो कबड्डीत खेळले नसते, तर आपल्याला इराणी खेळाची ताकद इतक्या जवळून कळलीच नसती. अत्राचली २०१५च्या विजेत्या यू मुंबातही होता. कोपऱ्यातली त्याची पकड टाळ्या वाजवून पाहिलेल्या प्रेक्षकाला २०१८मध्ये तीच पकड आपल्या संघाविरुद्ध बसताना पाहावी लागली. म्हणजे लीगने ओळख करून दिली. हिशेब मात्र आशियाई स्पर्धेत आणि विश्वचषकातच तयार झाला, कारण तिथे खेळाडूची बाजू लिलावात बदलत नाही.

हे सगळं शहापूर-मुरबाडच्या वाचकाला कशासाठी सांगायचं? कारण चुरशीच्या ज्या अटी वर मांडल्या, त्या मोठ्या लीगपेक्षा आपल्या गावच्या मातीवर जास्त पुऱ्या होतात. भाताची कापणी-झोडणी आटोपली की जत्रा, शिवजयंती, हनुमान जयंतीच्या निमित्ताने गावोगाव स्पर्धा भरतात. फक्कीने आखलेल्या मैदानाभोवती दोन्ही गावांची माणसं रात्री उशिरापर्यंत उभी असतात. तीच मंडळं दरवर्षी भिडतात, ताकद साधारण बरोबरीची असते, सामना पाच-पाच चढायांवरही जातो, आणि पणाला गावाचं नाव लागलेलं असतं. बाहेरून आणलेल्या पाहुण्या खेळाडूंमुळे हे चित्र थोडं बिघडतं, हे खरं. तरी मंडळाचं नाव आणि प्रेक्षक तेच राहतात. मग इथल्या जुन्या सामन्यांबद्दल पंधरा वर्षांनी नेमकं काही का सांगता येत नाही? करंडकावर विजेत्याचं नाव आणि साल असतं, मध्यंतराचा गुणफलक नसतो. गुणलेखकाने भरलेलं गुणपत्रक बक्षीस समारंभ होईपर्यंत टेबलावर असतं, नंतर बहुतेक ठिकाणी ते कुठे जातं ते कोणी विचारत नाही. उरते ती पाहणाऱ्याची आठवण, आणि ती प्रत्येकाची आपापल्या गावाकडे झुकलेली. इंचॉनची २१-१३ ही पिछाडी अकरा-बारा वर्षांनंतरही आपण नेमकी सांगू शकतो, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. गावच्या मैदानावर याहून मोठी पिछाडी कोणी भरून काढली असेल, तर ती सिद्ध करायला आपल्याकडे कागद नाही.

यावर कोणी म्हणेल, गावच्या खेळाची मजा दंतकथांतच आहे, आकडे आणून ती कोरडी कशाला करायची? हांगझोऊचा सामना याला पुरेसं उत्तर आहे. त्या सामन्याचा निमिषन्‌निमिष चित्रित झाला आहे, तरी त्यावरचा वाद थांबलेला नाही. नोंद असली की वाद नेमक्या मुद्द्यावर होतो : ती चढाई, तो स्पर्श, तो निर्णय. नोंद नसली की फक्त ‘आम्हीच जिंकलो होतो’ एवढंच उरतं, आणि त्यातून कधीकधी चुरशीऐवजी भांडण जन्माला येतं.

म्हणून शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मंडळांना एक विनंती. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत एक जाड वही घ्या. प्रत्येक सामन्याची तारीख, ठिकाण, दोन्ही संघांतल्या खेळाडूंची नावं, मध्यंतराचे आणि अखेरचे गुण, लोण किती बसले, आणि पंच कोण होते, एवढं तिच्यात लिहा. गुणपत्रकाचा फोटो काढून ठेवा आणि वर्षाअखेरीस वहीची एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्या. ज्यांच्या घरी जुनी वृत्तपत्रांची कात्रणं, पत्रिका, प्रमाणपत्रं पडून आहेत, त्यांच्याकडून ती आत्ताच मागून घ्या, कारण ती रद्दीत जायला एक दिवाळीची साफसफाई पुरते.