गर्भाच्या हृदयाची भाषा

उदरांतील बाळाला वाचा नसते. परंतु तें सुखरूप आहे कीं संकटांत, हें त्याचें हृदय आपल्या गतीनें सांगत असतें. मातेच्या पोटाला कान लावून हे ठोके ऐकल्याचें जिनिव्हाच्या मेयर या वैद्यानें १८१८ मध्यें जाहीर केलें. आज यंत्र कागदावर दोन रेषा काढतें: वरची बाळाच्या हृदयाची, खालची मातेच्या कळांची.

या रेषा वाचाव्या कशा? पूर्ण दिवसांच्या गर्भाचे ठोके सामान्यतः मिनिटास ११० ते १६० असतात. पण रेषा दोरीसारखी ताणलेली नसावी. ५ ते २५ ठोक्यांचा चढउतार सतत चालू असणें हें मेंदूला प्राणवायु पुरत असल्याचें लक्षण होय. बाळ झोपलें म्हणजे तीसचाळीस मिनिटें हा चढउतार मंदावतो. तेवढ्यानें घाबरूं नये. बाळ हलतांच गति १५ ठोक्यांनीं वाढून १५ सेकंद टिकली, तर तें शुभचिन्हच.

आतां उताराविषयीं. कळ येते तेव्हां गर्भाशय आवळतो व वारेकडे जाणारें रक्त क्षणभर अडतें. निरोगी बाळ शिलकेवर तेवढा वेळ निभावून नेतें. कळेबरोबर उतरून कळेबरोबर सांवरणारी गति बहुधा डोक्यावरील दाबामुळें असते, ती निरुपद्रवी. एकाएकीं खोल उतरणारी गति नाळ दबल्याचें सुचविते; पुष्कळदां माता कुशीवर वळली कीं ती सुधारते. मात्र कळेचा भर ओसरल्यावर तळ गांठणारी व उशिरां सांवरणारी गति वारेंतून प्राणवायु अपुरा पडत असल्याची शंका उत्पन्न करते. असें वारंवार होऊन चढउतारही लोपला, तर विलंब घातक ठरूं शकतो.

तथापि यंत्राची साक्ष एकांगी आहे. त्यानें दिलेलें अभय बहुधा खरें ठरतें. इशारा मात्र अनेकदां फोल ठरतो. अखंड यंत्रनोंदीची ठराविक वेळीं ऐकण्याशीं तुलना केली असतां नवजातांचे झटके कमी झाले, पण शस्त्रक्रिया वाढल्या आणि मेंदूच्या कायमच्या पंगुत्वांत घट दिसली नाहीं. म्हणून जोखीम नसलेल्या प्रसूतींत पहिल्या अवस्थेंत दर १५ ते ३० मिनिटांनीं, कळ संपतांच, पूर्ण एक मिनिट ठोके ऐकणें पुरेसें मानतात.

तेव्हां “ठोके उतरले” असें कानीं आल्यास धीर सोडूं नका. कळेच्या कोणत्या वेळीं उतरले, किती वेळां उतरले आणि चढउतार टिकून आहे ना, एवढें विचारा. शस्त्रक्रियेचा निर्णय या तीन उत्तरांवर बराचसा अवलंबून असतो.