एका कोंबडीची बातमी

शेफील्ड वेन्सडे हा १८६७ सालचा इंग्लिश फुटबॉल क्लब २४ ऑक्टोबर २०२५ ला प्रशासकाच्या ताब्यात गेला. नियमाप्रमाणे बारा गुण कापले गेले, खात्यावर उणे सहा उरले, आणि चाहत्यांनी जल्लोष केला. आपल्याकडे साखर कारखान्यावर प्रशासक आला की सभासदांच्या पोटात गोळा येतो. तिथे क्लबच्या दुकानासमोर रांगा लागल्या. दहा वर्षं मालक असलेले थायलंडचे देजफोन चान्सिरी गेले, एवढंच लोकांना हवं होतं. त्यांच्या खिशात आपला पैसा जाऊ नये म्हणून तिकिटं आणि जर्सी न घेणारी माणसं एका दिवसात पाकीट उघडून उभी राहिली. थकलेल्या पगारांपासून या रांगांपर्यंतची गोष्ट फुटबॉल बघणाऱ्यांनी एव्हाना वाचलेली आहे, ती पुन्हा उगाळत नाही.

मला या निमित्ताने दुसऱ्याच क्लबाकडे जायचं आहे, कारण त्याचे मालक पुण्याचे आहेत. ब्लॅकबर्न रोव्हर्सला ५ नोव्हेंबर २०२५ ला दीडशे वर्षं झाली. त्याच महिन्यात १९ तारखेला त्याची मालकी व्यंकटेश्वरा हॅचरीजकडे, म्हणजे आपल्या वेंकीजकडे, आल्याला पंधरा वर्षं झाली. पहिल्या वाढदिवसाचं कौतुक सगळ्यांनाच असणार. दुसऱ्याचा केक कापायला ब्लॅकबर्नमध्ये फारसं कोणी पुढे आलं असेल असं वाटत नाही.

लँकेशायरमधलं हे गिरणगाव. १८८८ ची फुटबॉल लीग आणि १९९२ ची प्रीमियर लीग, दोन्हींच्या बारशाला हा क्लब हजर होता. पोलादाच्या धंद्यातले जॅक वॉकर यांनी पैसा ओतला, केनी डाल्ग्लिश मॅनेजर झाले, ॲलन शिअररने गोलांचा रतीब घातला आणि १९९४-९५ चं विजेतेपद आलं. वॉकर २००० साली गेले. त्यांच्यामागे क्लब सांभाळणाऱ्या विश्वस्तांनी २०१० मध्ये तो २ कोटी ३० लाख पौंडांना विकला. घेणारे होते बी. व्ही. राव यांची मुलं: अनुराधा देसाई, व्यंकटेश राव आणि बालाजी राव. देशात ब्रॉयलर आणि अंड्यांचा धंदा उभा करणाऱ्यांत बी. व्ही. रावांचं नाव पहिल्या ओळीत येतं, हे पुण्यात सांगायची गरज नाही.

नंतरच्या पंधरा वर्षांतलं एकच दृश्य जगाच्या लक्षात राहिलं आहे. ७ मे २०१२, ब्लॅकबर्नचं मैदान इवूड पार्क, समोर विगन. हरलो तर प्रीमियर लीगमधून बाहेर, असा सामना. तो सुरू झाल्यावर थोड्याच वेळात एक जिवंत कोंबडी मैदानात शिरली, अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेली. शेवटच्या काही मिनिटांत विगनने गोल केला आणि अकरा हंगामांनंतर ब्लॅकबर्न खालच्या श्रेणीत गेलं. दुसऱ्या दिवशी छायाचित्र कोंबडीचं होतं. आजही ‘ब्लॅकबर्न’ आणि ‘मालक’ हे दोन शब्द एकत्र शोधले की ती समोर येते. ज्यांना त्या क्लबाचा एकही खेळाडू आठवत नाही, त्यांनाही ती आठवते.

कॅमेऱ्याला घटना लागते. तक्रार लागत नाही, कारण तक्रार दिसत नाही. चाहत्यांची तक्रार साधी होती: निर्णय कोण घेतं ते कळत नाही. ताबा घेतल्याला महिनाही झाला नव्हता, संघ तेराव्या क्रमांकावर सुरक्षित होता, तरी सॅम ॲलरडाइस यांना काढलं. त्यांच्या जागी पूर्वी कधीच मॅनेजर नसलेले स्टीव्ह कीन आले. रोनाल्डिन्होला आणणार अशा बातम्या आल्या. तो आला नाही. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खात बसले आहेत अशी वेंकीजची जाहिरात मात्र आली आणि सगळ्या देशाला हसायला विषय मिळाला. ‘कोंबडीवाले मालक’ हा विनोद तिथून पुढे फुकटात चालला. धंदा कोंबडीचा आहे म्हणून माणूस क्लब चालवायला नालायक, असं त्यात कुठेतरी गृहीत होतं. पोलादवाला जॅक वॉकर मात्र दानशूर स्थानिक उद्योगपती! पुण्याच्या वाचकाला हे खटकलं तर त्याचं चुकलं म्हणता येणार नाही.

पण त्याच वाचकाने पुढचंही बघावं. २०१२ च्या सप्टेंबरात कीन गेले आणि त्या एका हंगामात मॅनेजरांची रांग लागली. हेनिंग बर्ग ५७ दिवस, मायकल ॲपल्टन ६७ दिवस. बर्ग यांना कराराप्रमाणे भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा क्लबने कोर्टात सांगितलं की आमच्या व्यवस्थापकीय संचालकाला असा करार करायचा अधिकारच नव्हता. म्हणजे चाहते दोन वर्षं रस्त्यावर जे ओरडत होते, ते क्लबच्याच वकिलाने न्यायाधीशांपुढे मान्य केल्यासारखं झालं. माझ्या मते या पंधरा वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी ती होती. ती छापून आली, नाही असं नाही, पण तिला झेंडा गुंडाळलेला नव्हता.

कोंबडीच्या आधीचं वार्तांकन तर जास्त बोलकं आहे. २० डिसेंबर २०११ ला घरच्या मैदानावर बोल्टनकडून हरल्यावर चाहत्यांनी कीन यांच्यावर जी आग पाखडली, तिच्यामुळे इंग्लिश फुटबॉलचं सगळं प्रतिष्ठित वर्तुळ कळवळलं. मॅनेजरांची संघटना पुढे आली, मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी कीनची बाजू घेतली, माजी खेळाडू असलेल्या समालोचकांनी चाहत्यांना सुसंस्कृतपणाचे धडे दिले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, कीनच्या संघाने त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ असा विजय मिळवला आणि चाहतेच मूर्ख होते यावर शिक्का बसला. चार महिन्यांनी संघ खाली गेला. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबाची अशी घसरण त्याआधी कधी झाली नव्हती. मग तेच समालोचक ‘बिचारे चाहते’ म्हणू लागले. कीन यांना झालेली शिवीगाळ वाईटच होती, तिचं समर्थन कोणी करू नये. पण एका माणसावरच्या अन्यायाला चेहरा असतो आणि क्लबच्या अनागोंदीला नसतो, म्हणून पहिली बातमी झाली आणि दुसरी राहून गेली.

चाहत्यांच्या निषेधाला टीव्ही कधी टाळ्या वाजवतो? १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली, त्यांत सहा इंग्लिश. स्काय वाहिनीच्या पडद्यावर समालोचक गॅरी नेव्हिल संतापाने बोलले आणि ते बोलणं जगभर फिरलं. दोन दिवसांत इंग्लिश क्लब माघारी आले. चाहते त्या आठवड्यात हिरो होते. पुढच्या पंधरवड्यात, २ मे रोजी, मँचेस्टर युनायटेडचे काही चाहते क्लबचे मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाच्या विरोधात रिकाम्या स्टेडियममध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. आपल्याकडे रात्री नऊला तो सामना बघायला बसलेल्यांना खेळाऐवजी धूर, फलक आणि स्टुडिओतली चर्चा बघायला मिळाली. नेव्हिल आणि त्यांचे सहसमालोचक जेमी कॅरॅगर यांनी चाहत्यांचा राग समजावून सांगितला, हे त्यांच्या श्रेयाला आहे. पोलीस जखमी झाले, ते सांगायलाच हवं होतं, सांगितलं गेलं. पण सुपर लीगने स्कायच्या स्वतःच्या मालालाच, म्हणजे प्रीमियर लीगच्या सामन्यांनाच, धक्का बसणार होता, ही गोष्ट त्या सगळ्या नैतिक संतापात कोणी फारशी काढली नाही. वाहिनीचं हित आणि चाहत्यांचं हित एका रेषेत आलं तेव्हा आंदोलन लोकशाहीचं झालं. ब्लॅकबर्नच्या वेळी रेषा जुळली नव्हती.

ग्लेझरांविरुद्धचा राग तोपर्यंत सोळा वर्षांचा जुना होता. २००५ मध्ये त्यांनी ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा भार कर्जमुक्त क्लबाच्या डोक्यावर टाकला. काही चाहत्यांनी त्याच वर्षी वेगळा क्लब काढला. २०१० मध्ये हिरवे-सोनेरी मफलर आले, क्लबच्या न्यूटन हीथ या जुन्या अवताराचे रंग. त्या मार्चमध्ये मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमने तसला मफलर गळ्यात टाकला आणि एका रात्रीत ती चळवळ जगभरच्या क्रीडापानांवर गेली. बेकहॅमने नंतर स्पष्ट केलं की मालकी हा काही माझा विषय नाही. छायाचित्राला तेवढं पुरतं.

म्हणून मला गार्डियनच्या डेव्हिड कॉन यांच्याविषयी जरा जास्त लिहायचं आहे. फुटबॉलचा हा बातमीदार कंपन्यांचे ताळेबंद वाचतो. कर्ज कोणाच्या नावावर, व्याज कोण भरतं, स्टेडियमची जमीन कोणत्या कंपनीत सरकवली, मालकाला सल्ला देणारा एजंट स्वतः किती कमावतो, असले प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं विचारले, तेही इतर बातमीदार गोलांचं वर्णन करत असताना. स्वतः मँचेस्टर सिटीचे चाहते, आणि त्याच क्लबात अबुधाबीचा पैसा आल्यावर आपल्या प्रेमाचं काय झालं यावर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं. अशा नजरेने पाहिलं की वेंकीज आणि ग्लेझर एकाच ‘चले जाव’ फलकाखाली बसत नाहीत. ग्लेझरांच्या कर्जाचं व्याज क्लबाने भरलं. वेंकीजने उलट पैसा ओतला: आजवर २० कोटी पौंडांहून जास्त, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या वर. पुण्याहून पैसा गेला नसता तर ब्लॅकबर्नचा शेफील्ड वेन्सडे केव्हाच झाला असता. चाहत्यांची खरी तक्रार पैसे न देण्याची नाहीच. मालक वर्षानुवर्षं मैदानावर दिसत नाहीत, बोलत नाहीत, विकतही नाहीत, ही आहे. हा फरक समजावायला दीड पान लागतं. कोंबडीला एक चौकट पुरते.

ज्यांनी फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्यांचं काय होतं तेही बघा. २०१३ च्या ऑक्टोबरात न्यूकासलच्या चाहत्यांनी मालक माइक ॲशली यांच्याविरुद्ध मोर्चा काढला. गावच्या क्रॉनिकलने आणि तिच्या भावंडपत्रांनी तो ठळक छापला. क्लबने तिन्ही वृत्तपत्रांना मैदानाचे दरवाजे बंद केले; मोर्चा लहान होता, तुम्ही मोठा केला, असा आरोप. दोन वर्षांनी नवा मॅनेजर आला तेव्हा त्याची पहिली मुलाखत फक्त क्लबच्या पसंतीच्या माध्यमांना मिळाली. स्थानिक पत्राला रोज त्याच दारात उभं राहायचं असतं. लंडनहून येणारा बातमीदार मोर्च्याच्या दिवशी येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो.

आता आपल्याकडे. २०११ च्या ऑक्टोबरात ब्लॅकबर्नचा संघ पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळायला बालेवाडीत आला, तेव्हा पुण्याला प्रीमियर लीग अंगणात आल्याचा आनंद झाला होता. तिकडे त्याच सुमारास कीनविरोधी घोषणा सुरू होत्या. तो सांधा कोणी जुळवला नाही. नंतर जे काही मराठीत आलं ते माझ्या वाचनात बहुतेक एजन्सीच्या बातमीचं भाषांतर. फुटबॉल आपल्याला कळत नाही हे कारण चालणार नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालीम संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं आणि तिथल्या वृत्तपत्रांत त्याची पानंच्या पानं येतात. पण तालमीच्या संघाला मालक नसतो, पेठ असते. मालक असलेल्या क्लबाची बातमी कशी करायची याची सवय आपल्याला लागली नाही. पुण्यात २०१५ ते २०१९ मध्ये पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे तीन क्लब एकामागून एक आवरले गेले. व्यावसायिक फुटबॉल गावातून निघून गेला आणि तो ‘क्रीडा संक्षिप्त’मध्ये मावला. कोलकात्यात मोहन बागानच्या नावापुढे एटीके हे मालकांच्या दुसऱ्या क्लबचं नाव लागलं तेव्हा चाहत्यांनी तीन वर्षं पिच्छा सोडला नाही. २०२३ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकल्याच्या रात्री मालक संजीव गोएंकांना ते नाव काढत असल्याचं जाहीर करावं लागलं. तिथे तो गावचा प्रश्न होता.

गेल्या काही वर्षांत ब्लॅकबर्नच्या चाहत्यांच्या तोंडी एक अजब नाव आलं: दिल्ली उच्च न्यायालय. सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे २०२३ पासून वेंकीजला क्लबाकडे पैसे पाठवायला कोर्टाची परवानगी मागावी लागली, तेवढ्याच रकमेच्या बँक हमीसह. तारखा पडत गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ॲडम व्हार्टन हा घरचा, एकोणीस वर्षांचा मिडफिल्डर क्रिस्टल पॅलेसला विकला गेला आणि त्याच महिन्यात मॅनेजर यॉन डाल टोमासन गेले. लँकेशायरमधले निवृत्त शिक्षक आणि प्लंबर आपल्या कोर्टाची कार्यसूची उघडून बसतात आणि सुनावणी पुढे गेली की कपाळावर हात मारतात. ते वाचन त्यांनी का करावं? कोर्ट आपलं, तपासयंत्रणा आपली, कंपनी आपली.

२०२५ च्या जुलैत ब्रिटिश संसदेने फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर केला. आता स्वतंत्र नियामक क्लबांना परवाने देईल, मालकांची पात्रता आणि पैशाचा उगम तपासेल, चाहत्यांशी सल्लामसलत करायला लावेल. त्यासाठी पुण्याहून कागद जातील, आणि त्या कागदांत काय लिहिलंय हे विचारायला कोणाला तरी जावं लागेल. ब्लॅकबर्नहून यायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागतं. पुण्यातल्या कुठल्याही वृत्तपत्राच्या कचेरीतून सिंहगड रस्त्यावरच्या व्यंकटेश्वरा हाउसला रिक्षा जाते, मीटरने.