राणीछाप रुपया आणि आजीचं नाव

आज बचतीचे हिशेब बाजूला ठेवू. आज बोलू आपल्या घराण्याच्या इतिहासावर.

मागच्या सभेत आमच्या गटातल्या एका आजीने गळ्यातली माळ दाखवली. तिच्यात एक जुना चांदीचा रुपया ओवलेला. त्यावर राणीचा मुखडा. आपण त्याला राणीछाप रुपया म्हणतो. ही राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. १८३७ ते १९०१ असं जवळजवळ चौसष्ट वर्षं तिचं राज्य होतं. माळ कोणाची, असं विचारलं तर आजी म्हणाली, "माझ्या सासूच्या सासूची." नाव काय तिचं? आजी गप्प झाली. रुपयावरच्या परदेशी राणीचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण ज्या बाईने तो पोटाला चिमटा घेऊन जपला तिचं नाव घरात कोणालाच आठवेना.

मग मनात आलं, राणीच्या काळातल्या बायांची नावं सापडतात तरी कुठे?

एक जागा म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. पुढे 'ज्ञानोदय', 'ज्ञानप्रकाश', 'दीनबंधू', 'केसरी' अशी पत्रं निघाली. त्यांत मोठ्या लोकांच्या बातम्या जास्त असायच्या, पण कोर्टातले खटले, वाचकांची पत्रं, शाळांच्या परीक्षा यांतून साध्या घरांचीही नावं यायची. विलायतेत आज अनेक लोक अशा जुन्या बातम्या शोधून आपल्या खापरपणज्यांची कहाणी जुळवतात. आपल्याकडेही वर्तमानपत्रांतून एका घराची कहाणी जुळवता येते. ते घर रखमाबाईचं.

रखमाबाईचा जन्म १८६४ साली मुंबईत, सुतार समाजात झाला. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावलं. ती माहेरीच राहिली, शिकत राहिली. मोठी झाल्यावर तिने नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला आणि हे घर वर्तमानपत्रांत आलं.

आता या बातम्या एकेक करून पाहू.

पहिली पायरी: २६ जून १८८५. 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर एक पत्र छापून आलं. खाली सही होती, 'एक हिंदू स्त्री'. नाव नाही. ते पत्र रखमाबाईचं होतं, हे लोकांना नंतर कळलं. म्हणजे जुन्या कागदात बाईचं नाव दिसलं नाही, तरी बाई तिथे असू शकते.

दुसरी पायरी: कोर्टाच्या बातम्या. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईच्या बाजूने दिला. दादाजींनी अपील केलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की एका महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईने कैद पत्करायची तयारी दाखवली. यावर 'केसरी'ने तिच्याविरुद्ध लिहिलं, दुसऱ्या काही पत्रांनी तिची बाजू घेतली. बाई एकच, खटला एकच, पण एका पत्रात ती कुलबुडवी आणि दुसऱ्यात धीराची. म्हणून एकच कागद वाचून कोणाबद्दल मत ठरवू नये.

तिसरी पायरी सगळ्यात मोलाची. १८८७ साली दादाजींनी आपली बाजू छापली. रखमाबाईच्या माहेरच्यांचा डोळा तिच्या नावच्या मालमत्तेवर आहे, असा त्यांचा आरोप होता. त्यावर रखमाबाईने त्याच वर्षी जून महिन्यात 'बॉम्बे गॅझेट'मध्ये उत्तर दिलं. त्या भांडणामुळे तिच्या घराची सगळी कुंडलीच उघडी झाली. तिची आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा. तिने नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली आणि पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्यांच्या समाजात विधवेला पाट लावता येत होता. बायाहो, हे भांडण झालं नसतं तर जयंतीबाईचं नाव आज आपल्यापर्यंत आलं असतं का?

१८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. पुढच्या वर्षी रखमाबाई इंग्लंडला गेली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरतेत बायांवर उपचार करत राहिली. १८९१ साली सरकारने संमतीवयाचा कायदा करून मुलीचं वय दहावरून बारावर नेलं. त्याआधीच्या चर्चेत या खटल्याचा मोठा वाटा होता.

आणखी एक नाव सांगते. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली मुलगी, वय साधारण चौदा. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत छापला गेला. तेवढ्या छापलेल्या पानांमुळे ती आज आपल्याला माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, आमची पणजी कुठे पेपरात आली होती? ती तर बांधीत परे रोवत होती." खरं आहे. आपल्या भंडाऱ्यात मालगुजाराचं नाव कागदावर यायचं, कारण शेतसारा त्याच्याकडून घ्यायचा होता. तलावाच्या पाळीवर माती वाहणाऱ्या बाईचं नाव कोण लिहिणार? पण आपल्या माणसांचीही वही आहे.

एक, कोतवाल पंजी. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल नोंद द्यायचा. तिची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागता येते. दोन, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. तीन, जमिनीचे जुने कागद.

हे कागद वाचायचे तर तीन शब्द लक्षात ठेवा. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको. 'बेवा' म्हणजे अमक्याची विधवा. बाईचं नाव बहुतेक वेळा या शब्दांच्या आडोशाला असतं. पंजीत तर पुष्कळदा "अमक्यास मुलगी झाली" एवढंच असतं. मुलीचं नाव नाही, बाळंतपण सोसणाऱ्या आईचंही नाही.

हे नुसतं हौसेचं काम नाही. जातपडताळणीच्या वेळी याची किंमत कळते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीची ॲडमिशन यावरच अडली होती. घरात सगळे पणजोबांना 'सीताराम' म्हणायचे, म्हणून त्या नावाने शोधलं. दोन चकरा वाया गेल्या. मग घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना तर सगळे सितऱ्याच म्हणत." आणि 'सितऱ्या' नावाने नोंद निघाली. गरिबाचं नाव तेव्हा असंच तोडून लिहायचे. कागद ताईने शोधला, पण वाट दाखवली आत्याबाईच्या आठवणीने.

म्हणून पुढच्या सभेपर्यंत एवढं करा. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिला तारीख विचारू नका, ती सांगता येणार नाही. "तुझं लग्न झालं तेव्हा दुष्काळ होता की पूर? मोठा मुलगा झाला तेव्हा कोणता तलाव फुटला होता?" असं विचारा. वर्षाचा अंदाज त्यातून येतो. मग नावं लिहा, घरात हाक मारायचे तीही आणि कागदावरचीही. माहेरचं गाव आणि माहेरचं नाव जरूर लिहा. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही लिहा. त्यानंतर कागद शोधा, आणि एका कागदावर विसंबू नका, दुसऱ्याशी ताडून पाहा.

आणि एक काळजी घ्या. घराण्याच्या इतिहासात दुखऱ्या गोष्टीही निघतात. सोडून दिलेली बाई, दुसरं लग्न, हिश्शाचं भांडण. रखमाबाईने आपलं दुखणं स्वतः छापलं, तो तिचा निर्णय होता. आपल्या आजीला जे सांगायचं नसेल ते तिचंच राहू द्या.

त्या माळेच्या आजीला आम्ही नंतर पुन्हा विचारलं. चार दिवस ती आठवत होती. मग एका सकाळी सडा टाकता टाकता तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "तिला सगळे भागा म्हणत. माहेर तिचं वैनगंगेच्या पल्याड."

गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आम्ही ते लिहून ठेवलं आहे. तुमच्या रजिस्टरचंही शेवटचं पान कोरंच असेल. पुढच्या सभेला त्यावर पहिलं नाव लिहा.