डिलीटची चावी कुणाकडे?

एआय एजंटला कंपनीच्या डेटाबेसशी जोडून देणारे लोक हल्ली छातीठोकपणे सांगतात, “काहीही डिलीट करायचं नाही, असं त्याला ठळक लिहून दिलंय.” गेटसमोर गाडी लावू नये अशी पाटी लावून कुणाचं गेट मोकळं राहिलंय?

जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन हे गुंतवणूकदार रेप्लिट या कोडिंग-प्लॅटफॉर्मच्या एजंटकडून सॉफ्टवेअर लिहून घेत होते. आता कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी त्याला बजावलं होतं. एजंटने तरीही चालू डेटाबेस रिकामा केला. १,२०० हून अधिक कंपनी-अधिकाऱ्यांच्या नोंदी त्यात होत्या. सूचना मोडल्याची कबुलीही त्यानेच दिली. मॉडेलच्या लेखी सूचना म्हणजे समोरच्या ढीगभर मजकुरातला आणखी थोडा मजकूर. काम लांबलं की तिचा जोर ओसरतो. शिवाय एजंट जी ईमेल वाचतो, तिच्यातच तिसऱ्या कुणीतरी ‘सगळं पुसून टाक’ असं लिहून ठेवलेलं असू शकतं.

डेटाबेसमधली परवानगी असल्या कशाला बधत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीत सिलेक्ट (वाचणं), डिलीट (नोंदी पुसणं) आणि ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करणं) यांच्या परवानग्या वेगवेगळ्या दिल्या जातात. एजंटच्या खात्याला फक्त सिलेक्ट दिलं असेल, तर त्याने डिलीटची कमांड कितीही हुशारीने रचली तरी उत्तर ‘परमिशन डिनाइड’ असंच येतं. म्हणून सगळ्यात आधी विचारावं, एजंट कुणाच्या खात्याने लॉग-इन होतोय? उत्तर ‘ॲडमिनच्या’ असेल, तर पुढचं सगळं बोलणं फुकट आहे.

“पण टूलवरच ‘विध्वंसक’ अशी खूण असते ना?” असते. एजंटला टूल्स जोडण्याच्या एमसीपी या मानकात तशी सोय आहे. पण ती टूल बनवणाऱ्याने स्वतः लावलेली चिठ्ठी असते. अनोळखी सर्व्हरकडून आलेल्या अशा खुणांवर विसंबू नका, असं ते मानकच सांगतं.

मंजुरीच्या बटणावर तर लोकांची भारीच श्रद्धा. दिवसभर ‘ही कमांड चालवू का?’ असं विचारत राहिलं, की दुपारपर्यंत माणूस न वाचता ‘हो’ दाबायला लागतो. मंजुरी क्वचित मागावी आणि मागताना आकडा समोर ठेवावा: किती नोंदी जाणार, कोणत्या टेबलातून, परत आणता येतील का. हा आकडा एजंटने सांगितलेला नको, यंत्रणेने स्वतः मोजलेला हवा. लेमकिन यांना एजंटने रोलबॅक, म्हणजे डेटा पूर्ववत करणं, शक्य नाही असं सांगितलं होतं. त्यांनी करून पाहिलं, तर झालं.

“बॅकअप आहे, काळजी कशाला?” ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड-साठवण कंपनीच्या एका इंजिनिअरने, म्हणजे हाडामांसाच्या माणसाने, चुकीच्या सर्व्हरवर डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबी डेटा होता. कमांड थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. मग कळलं की नेहमीचे बॅकअप आवृत्त्यांच्या घोळामुळे होतच नव्हते आणि त्याचे इशारे देणाऱ्या ईमेल नाकारल्या जात होत्या. कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने लाज राखली. एजंटच्या बाबतीत आणखी एक मेख आहे: ज्या चावीने मूळ डेटा पुसता येतो तिनेच बॅकअपही पुसता येत असेल, तर तो बॅकअप नावापुरताच.

एवढं जखडलं तर एजंट कामाचा राहील का, ही शंका रास्त आहे. पण त्याचं बरंचसं काम वाचण्याचं असतं. पुसणं लागलंच तर थोडं थोडं द्यावं. ॲमेझॉनच्या एस-३ या फाइल-साठवण सेवेत एका विनंतीत १,००० पर्यंत फाइल डिलीट करता येतात. एजंटला दिलेल्या टूलमध्ये ही मर्यादा १० वर आणायला कुणाची हरकत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये चुकीच्या कमांडने एस-३ चे जास्तच सर्व्हर काढले गेले, तेव्हा ॲमेझॉनने माणसांच्या टूललाही हाच लगाम घातला: सर्व्हर सावकाश काढायचे, ठरावीक किमान पातळीखाली जाऊच द्यायचं नाही. नोंदींबाबत याहून सोपा उपाय म्हणजे एजंटला फक्त ‘रद्द’ अशी खूण करू द्यावी. महिन्याभराने खरी सफाई वेगळ्या खात्याने चालणारा जॉब करील. त्या खात्याचा पासवर्ड एजंटला माहीत असण्याचं कारण नाही.