शिक्षेची जरब कीं शिक्षेची खात्री?

ता. १३ ऑगस्ट २००४ रोजीं नागपूरच्या जिल्हा न्यायालयांत जें घडलें, तें या शहरानें विसरतां कामा नये. कस्तुरबानगरांतील स्त्रियांच्या जमावानें अक्कू यादव या गुंडास न्यायालयाच्या दालनांतच ठार केलें. खंडणी, बलात्कार, खून असे आरोप त्याजवर वर्षानुवर्षें होत होते. परंतु तो पकडला जाई, जामिनावर सुटे आणि पुनः त्याच गल्लींत उभा राही. पुढें २०१४ सालीं त्याच्या खुनाच्या खटल्यांतील आरोपीहि पुराव्याअभावीं निर्दोष सुटले.

अशा प्रसंगीं ‘कायदे कडक करा’ हा घोष ठरलेलाच. पण कायदा सौम्य होता काय? १८६० च्या दंडविधानांत खुनास फांशी व बलात्कारास जन्मठेप होतीच. उणीव होती ती खात्रीची. हुंडीवरील रक्कम कितीहि मोठी असो, वसुलीची आशा नसेल तर पेढीवर तिला कोण विचारतो? शिक्षेचेंहि तसेंच आहे. इटलींतील बेकारिया यानें १७६४ सालींच सांगितलें कीं, शिक्षेच्या क्रौर्यापेक्षां तिची निश्चितता अधिक धाक घालते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यानें १९६८ सालीं गुन्हेगाराचा हिशेब मांडला: एका पारड्यांत लाभ, दुसऱ्यांत पकडले जाण्याचा संभव आणि शिक्षा. रागाच्या भरांत हत्यार उचलणारा हा हिशेब करीत नाहीं, हें खरें. पण खंडणी हा तर धंदाच आहे.

आतां खर्चाची बाजू पाहा. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांतील सुमारें तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगावरील बराच पैसा ज्यांचा निकालच लागलेला नाहीं अशांवर खर्ची पडतो. शिक्षेचीं वर्षें वाढविल्यानें हा बोजा वाढेल, धाक वाढेलच असें नाहीं. तोच पैसा तपासी अंमलदार, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा आणि साक्षीदारांचें संरक्षण यांवर लावणें शहाणपणाचें होय. साक्षीदार संरक्षण योजनेस सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्यता दिली. ती कागदावरून गल्लीबोळांत उतरली पाहिजे.

शेवटीं आमच्या व्यापारी बंधूंस एक शब्द. निमूटपणें हप्ता देणारा दुकानदार आपली पीडा टाळतो खरी, पण गुंडाचें भांडवल वाढवितो. आणि त्याचें व्याज एखाद्या कस्तुरबानगरास भरावें लागतें. तक्रार करणाऱ्यास निर्भय करणें हें सरकारचें कर्तव्य. तें त्यानें करावें म्हणून एकजुटीनें नेट लावणें हें आपलें.