नलिनी मलानी: पुराणातल्या बाया, फिरत्या सावल्या

आपल्या धावडा गावाहून अजिंठ्याची लेणी जवळच, त्यामुळे भिंतीवरच्या कथा आपल्याला नवीन नाहीत. पण चित्रंच गोल फिरू लागली तर? चित्रकार नलिनी मलानींनी ते करून दाखवलंय.

जन्म १९४६, कराची. फाळणीत कुटुंब भारतात आलं. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. २०१२ साली जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या कलाप्रदर्शनात त्यांचं 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' मांडलं गेलं. मायलार नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची पाच मोठी नळकांडी छताला टांगलेली, आतल्या बाजूने रंगवलेली. ती फिरतात, त्यांच्यातून व्हिडिओचा प्रकाश जातो आणि चित्रांच्या सावल्या भिंतीभर सरकतात. आपण मधे उभं राहिलो की आपलीही सावली त्यांत मिसळते! मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

या कामातली कॅसान्ड्रा म्हणजे ग्रीक पुराणातली ट्रॉयची राजकन्या: भविष्य खरं सांगणारी, पण जिच्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही अशी. आणखी एका कामात त्यांनी आपली सीता आणि ग्रीक पुराणातली मीडिया (Medea) एकत्र आणलीय. २०१७ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं.

चित्रकलेच्या पोरांनो, अजिंठ्याला गेलात तर १७ नंबरच्या लेण्यात सेल्फी उरकून निघू नका. विश्वंतर जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेचं, चित्र शोधा, मग मलानींचे व्हिडिओ बघा आणि काय दिसलं ते खाली लिहा.