द्रवदाब, तरफ आणि बोल्टाचा ताण

जलविद्युत केंद्रातील टर्बाइनच्या आवरणाचे जाडजूड बोल्ट नुसत्या हाताच्या बळाने पुरेसे आवळता येत नाहीत. एक मीटर लांब पान्याच्या टोकास मनुष्याने 400 न्यूटन प्रेरणा लावली, तर बोल्टास मिळणारे परिबल, म्हणजेच टॉर्क, 400 न्यूटन-मीटर भरते. याहून पुष्कळ अधिक परिबल हवे असेल तेथे द्रवचालित पाना वापरतात. 1795 मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने ज्या दाबयंत्राचे एकस्व घेतले, त्याचेच तत्त्व या पान्यात आहे. बंदिस्त द्रवाचा दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. म्हणून दट्ट्या जितका रुंद, तितकी प्रेरणा मोठी.

समजा, दट्ट्याचा व्यास 50 मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1,963 चौरस मिलिमीटर होईल. तेलाचा दाब दर चौरस मिलिमीटरला 10 न्यूटन, म्हणजे सुमारे शंभर वातावरणांइतका, असेल तर दट्ट्या सुमारे 19,635 न्यूटन प्रेरणेने तरफेस ढकलील. बोल्टाच्या मध्यापासून या प्रेरणेच्या रेषेपर्यंतचे लंबांतर 0.12 मीटर असल्यास दोहोंचा गुणाकार, 2,356 न्यूटन-मीटर, हे परिबल होय. येथे लंबांतरच घ्यावयाचे, हे विसरता कामा नये. तरफ फिरून प्रेरणेची दिशा काटकोनापासून 30 अंशांनी ढळली, तर हेच परिबल 2,040 न्यूटन-मीटरपर्यंत उतरते.

परंतु परिबल हे केवळ साधन आहे. जोड घट्ट राखतो तो बोल्टातील ताण. परिबलाचा बराच मोठा भाग नटाखालील व आट्यांमधील घर्षणातच खर्ची पडतो. म्हणून ताण काढताना परिबलास बोल्टाचा व्यास आणि घर्षणावर अवलंबून असणारा एक गुणांक यांच्या गुणाकाराने भागतात. 36 मिलिमीटर व्यासाच्या कोरड्या बोल्टासाठी हा गुणांक 0.20 धरला, तर ताण सुमारे 3,27,000 न्यूटन येतो. 8.8 प्रतीच्या अशा बोल्टाचा प्रमाणित कसोटी-भार 4,90,000 न्यूटन असल्याने तो सुरक्षित राहतो.

आता याच बोल्टाच्या आट्यांना उत्तम वंगण लावले आणि गुणांक 0.12 झाला, असे समजू. परिबल तेच, पण ताण 5,45,000 न्यूटनांवर जातो! कसोटी-भार ओलांडला जातो. बोल्ट कायमचा ताणला जाऊन पुढे तुटण्याचा संभव निर्माण होतो. पहिल्याइतकाच ताण हवा असेल, तर तेलाचा दाब 10 वरून 6 न्यूटनांवर आणावा लागेल.

यावरून असे दिसून येईल की, दाबमापकाचा काटा केवळ प्रेरणा सांगतो. तरफेचे लंबांतर आणि आट्यांची स्थिती ठाऊक असल्यावाचून त्या आकड्यावर विसंबून बोल्ट आवळणे धोक्याचे ठरते.